काट्यांच्या वाटेवरचं सीलंट

छत्रपती संभाजीनगरातल्या गोगाबाबा टेकडीच्या परिसरात माउंटन बाइक घालायची, तर गाठ बाभळीच्या काट्यांशी. काटा उपसला की ट्यूबलेस टायरमधलं सीलंट फसफसत बाहेर येतं, घट्ट होतं आणि भोक बुजवतं.

पण बाटलीवरच्या मुदतीवर विसंबू नये. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; लॅटेक्सचं सीलंट लवकर वाळतं आणि टायरमध्ये उरतात रबराच्या गुठळ्या. ग्लायकॉलचं सीलंट उशिरा सुकतं, मात्र मोठी चीर त्याला सहसा झेपत नाही.

म्हणून इथे लॅटेक्सच बरं. 29 इंची टायरला साधारण 100 मिलीलिटर घालावं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हची पिन काढून, आत बारीक काडी घालून पाहावं. काडी कोरडी निघाली, तर लगेच भर घालावी.