सापाचं तोंड सुजलंय, पण डॉक्टरकडे न्यायची भीती: पाळीव सापांमधला ‘माउथ रॉट’ काय असतो?

कापसाच्या काडीने सापाच्या तोंडातला पू काढणारे व्हिडिओ सोशल मीडियावर सहज सापडतात. कोणी हळद लावायला सांगतं, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड, तर कोणी माणसांच्या अँटिबायोटिकची गोळी कुटून द्यायला सांगतं. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न वारंवार दिसतो: ‘डॉक्टरकडे न जाता हे बरं होईल का?’

थोडक्यात उत्तर आहे, नाही. पण हा प्रश्न इतके लोक का विचारतात, याचं उत्तर फक्त वैद्यकीय नाही. ते कायद्याशी आणि तस्करीशीही जोडलेलं आहे.

माउथ रॉट म्हणजे काय?

सापाच्या तोंडातल्या जंतुसंसर्गाला पशुवैद्यकीय भाषेत ‘इन्फेक्शियस स्टोमॅटायटिस’ म्हणतात. साप पाळणाऱ्यांमध्ये तो ‘माउथ रॉट’ म्हणून ओळखला जातो.

सुरुवातीला हिरड्यांवर किंवा टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. मग लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या सुजतात, तोंड नीट मिटत नाही. साप खाणं सोडतो. पुढे तोंडात पिवळसर पांढरा थर जमतो.

हा थर म्हणजे पू, पण तो माणसाच्या पुवासारखा पातळ नसतो. पू पातळ करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये नसतं. त्यामुळे तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होऊन चिकटून बसतो. तो आपोआप वाहून जात नाही आणि वरवर लावलेलं औषध त्याच्या आत पोहोचत नाही.

दुर्लक्ष झालं तर संसर्ग जबड्याच्या हाडात उतरतो आणि दात पडतात. तोंडातला स्राव श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. जंतू रक्तात पसरले तर साप दगावू शकतो.

संसर्ग होतो कशामुळे?

स्युडोमोनास, एरोमोनास यांसारखे जीवाणू अनेकदा निरोगी सापाच्या तोंडातही असतात. सापाची प्रतिकारशक्ती खाली आली की ते डोकं वर काढतात. म्हणून ‘जंतू कुठून आले’ यापेक्षा ‘साप अशक्त का झाला’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे चुकीचं तापमान. साप शरीरातली उष्णता स्वतः तयार करत नाही, तो ती बाहेरून घेतो. अंग थंड राहिलं तर पचन मंदावतं आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. घरांमध्ये सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक असलेला बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याच्या पेटीत एक बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि दुसरी त्याहून थंड, साधारण २५ ते २७ अंश लागते. एसी लावलेल्या बेडरूममधल्या प्लास्टिकच्या डब्यात हे जमत नाही.

याशिवाय जाळीवर सतत नाक घासून झालेली जखम, जिवंत उंदीर खायला सोडल्यावर त्याने घेतलेला चावा, खवल्यांखाली लपणारे रक्तपिपासू माइट्स, अस्वच्छ पाणी आणि सततची हाताळणी ही कारणंही असतात.

कधीकधी मूळ दुखणं वेगळंच असतं. अजगरांमधला निडोव्हायरस श्वसनाच्या आजारासोबत तोंडातही दाह निर्माण करतो. अशा वेळी फक्त तोंड साफ करून उपयोग होत नाही.

उपचार कसे होतात?

डॉक्टर आधी तोंडातला नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. नेमका कोणता जीवाणू आहे आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे त्यातून कळतं. या संसर्गात सापडणाऱ्या अनेक जीवाणूंवर नेहमीची औषधं चालत नाहीत, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

त्यानंतर घट्ट पू आणि मेलेल्या पेशी काढल्या जातात. हे वेदनादायक असल्याने गरजेनुसार गुंगीचं औषध देतात. मग पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनने तोंड धुतलं जातं. गंभीर संसर्गात अँटिबायोटिकची इंजेक्शनं द्यावी लागतात. सापाच्या शरीरातून औषध हळू बाहेर पडतं. सेफ्टाझिडीमसारखं औषध म्हणूनच साधारण तीन दिवसांतून एकदा दिलं जातं. काही औषधं शरीरात पाणी कमी असलेल्या सापाच्या मूत्रपिंडांवर घाला घालतात, त्यामुळे आधी पाण्याची कमतरता भरून काढावी लागते.

उपचार काही आठवडे चालू शकतात. या काळात पेटीचं तापमान सुधारलं नाही तर औषधही नीट काम करत नाही.

इथेच घरगुती उपाय फसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड नाजूक पेशी जाळतं. काडीने पू ओरबाडला तर नवी जखम होते. तोंडात ओतलेलं द्रव्य थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं, कारण सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळच, पुढच्या बाजूला असतं.

मग लोक डॉक्टरकडे का जात नाहीत?

पहिलं कारण साधं आहे. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत, पण सापांवर उपचार करणारे पशुवैद्यक मोजकेच आणि तेही बहुतांश मोठ्या शहरांत.

दुसरं कारण कायद्याचं आहे. नाग, धामण, भारतीय अजगर असे साप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते घरी पाळणं गुन्हा आहे.

परदेशी सापांबाबत चित्र वेगळं आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ करारातल्या प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यानुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची होती. प्राण्याचा मृत्यू, जन्म किंवा हस्तांतरण झालं तर तेही कळवावं लागतं. बॉल पायथन याच अनुसूचीत येतो.

म्हणजे परदेशी साप पाळणं सरसकट बेकायदा नाही, पण कागद लागतात. अडचण अशी की अनेक साप कागदांशिवायच देशात येतात.

डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक जप्त केले. ते बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवले होते. जून २०२५ मध्ये याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले.

पाकिटात कोंबून, पाण्याविना, थंड सामानकक्षातून होणारा हा प्रवास म्हणजे संसर्गाला आमंत्रणच. असा साप घेणाऱ्याच्या घरी पोहोचतो तेव्हा अनेकदा आधीच आजारी असतो. आणि घेणाऱ्याकडे कागद नसल्यामुळे दवाखान्यात जाण्याची हिंमत होत नाही. तस्करी सापाला आजारी पाडते आणि त्याच तस्करीची भीती त्याला उपचारांपासून लांब ठेवते.

गारुड्याच्या टोपलीतला आजार

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. नागपंचमीच्या सुमारास गारुड्यांकडून सोडवलेल्या नागांमध्ये विषाचे दात उपटलेले आणि तोंड शिवलेले नाग सापडत आले आहेत. उपटलेल्या दातांच्या जखमा चिघळतात. शिवलेल्या तोंडाने साप खाऊ शकत नाही. दिवसेंदिवस तहानलेला ठेवल्यामुळे तो समोरचं दूध पितो, आणि ते त्याला पचत नाही. त्याला लोक श्रद्धेने नमस्कार करतात तेव्हा त्याच्या तोंडात अनेकदा संसर्ग पसरलेला असतो.

साप आजारी असेल तर काय करावं?

लाळ, सूज किंवा लाल ठिपके दिसले तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे जावं. नुसतं न खाणं हे मात्र आजाराचं खात्रीचं लक्षण नाही. निरोगी बॉल पायथनही कधीकधी काही आठवडे उपाशी राहतो.

तोपर्यंत पेटीतलं तापमान थर्मामीटरने तपासावं, पाणी रोज बदलावं, जबरदस्तीने भरवू नये. इतर साप वेगळे ठेवावेत. सापांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

गारुड्याकडे किंवा कोणाच्या घरी नाग, धामण दिसली तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येतं.

आणि साप विकत घेण्याचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: याचे कागद कुठे आहेत आणि तो आजारी पडला तर आपल्या शहरात त्याला तपासणारा डॉक्टर आहे का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर तो साप न घेतलेलाच बरा.