तिलावाची माणसं तुमच्या दप्तरात

माननीय उच्चायुक्त, दक्षिण आफ्रिका,
नवी दिल्ली.



बुडालेल्या ‘तिलावा’ बोटीतल्या चांदीचा खटला मे 2024मध्ये तुमच्या सरकारने ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. 2017 साली हिंदी महासागराच्या तळातून 2,364 विटा काढल्या होत्या. नाणी पाडायला तुमच्याच सरकारने घेतलेली चांदी ती; तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र आहे ते माणसांसाठी.

20 नोव्हेंबर 1942ला मुंबईहून निघालेली ही बोट मोंबासा, लोरेन्सो मार्क्स करत डर्बनला जाणार होती. खलाशी धरून 958 जण. प्रवाशांत पुष्कळ गुजराती. 23 तारखेला पहाटे जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. बोट लगेच बुडेना, म्हणून होड्यांत उतरलेले काहीजण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. 280 जण गेले.

भर लढाईत बायकापोरांना घेऊन समुद्रात कशाला जायचं, असं आज कुणीही म्हणेल. डर्बनला निघालेल्यांपुरतं एक उत्तर तुमच्या जुन्या कायद्यात सापडतं. तिथे स्थायिक झालेल्या हिंदी माणसाला एक बायको आणि सोळा वर्षांखालची मुलंच आणता येत. 1927पासून मुलांनी आईबरोबर यायचं, असंही ठरलं. पोरगा पंधराचा असेल तर लढाई संपेपर्यंत थांबायचं कसं? आणि आई-मुलं वेगवेगळ्या बोटींनी जाणार तरी कशी?

असा स्थायिक माणूस गावी यायचा तोही तुमच्या कचेरीतून ओळखीचा दाखला घेऊन. त्यावर त्याचा फोटो, खाली अंगठ्यांचे ठसे. परत येणारा तोच की दुसराच, या संशयापोटी ठेवलेलं हे दप्तर. (संशयी सरकारं कागद मात्र नीट जपतात!) अशा पुष्कळ फायली तुमच्या अभिलेखागारांत आजही आहेत. कित्येक घरांत आजोबांचा दुसरा फोटोच नसेल.

तेव्हा मागणी एवढीच: तिलावावर डर्बनसाठी चढलेल्यांची नावं या फायलींशी ताडून पाहा. जे फोटो सापडतील त्यांच्या प्रती वारसांना फुकट द्या. 2022च्या नोव्हेंबरात, 80 वर्षांनी, ही कुटुंबं मुंबईत जमली होती. पत्ते त्यांच्याकडूनच मिळतील. नावांची स्पेलिंगं जुळवायला मात्र गुजराती जाणणारा कारकून बसवा, नाहीतर एकाच माणसाच्या चार फायली निघतील.

खर्चाचं म्हणाल, तर चांदी आहेच.

कळावे,
मुंबईचा एक रहिवासी