पायाशी लोळणारी बाटली आणि अडीचशे रुपयांचा कप होल्डर

मंडळी, आज राजकारण नाही. आज गाडीतल्या पाण्याच्या बाटलीबद्दल लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

मी लांज्याचा, तालुक्याच्या गावचा पत्रकार. आई वरळीत भावाकडे असते, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा तरी माझी गाडी वरळीत येते. गाडी २००८ ची. पुढच्या दोन सीटच्या मध्ये गिअर, हँडब्रेक आणि बाकी नुसतं कार्पेट. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला दोन गोल खोलगट खुणा दिसतात. उभ्या गाडीत कप टेकवायला त्या ठीक, पण चालत्या गाडीत त्यांचा काही उपयोग नाही.

परवा मंगळवारी आईला सिद्धिविनायकाला घेऊन गेलो होतो. परत येताना अ‍ॅनी बेझंट रोडवर सेंच्युरी बाजारच्या पुढे समोरची टॅक्सी अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, तर पेडल अर्ध्यातच अडकलं. आईची स्टीलची बाटली, तिच्या पायाशी ठेवलेली, घरंगळत येऊन ब्रेकखाली बसली होती. हँडब्रेक ओढला, पायाने बाटली ढकलली, गाडी टॅक्सीपासून वीतभर अंतरावर थांबली. पुढे झेब्रा क्रॉसिंगवर शाळेची पोरं होती.

आई फक्त एवढंच म्हणाली, "एवढी गाडी घेतलीस, बाटली ठेवायला जागा नाय रे त्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सतरा वर्षं गाडी चालवतोय. टायर बदलले, बॅटरी बदलली, क्लच प्लेट बदलली, म्युझिक सिस्टिम तर दोनदा बदलली. अडीचशे रुपयांचा कप होल्डर लावायचं कधी सुचलं नाही, कारण ती मला चैनीची वस्तू वाटायची. मोठ्या गाडीवाल्यांनी कॉफी घेऊन फिरावं, आपल्याला काय करायचंय!

थोडं मागे जाऊन बघितलं तर आपल्या जुन्या गाड्यांत ही सोय का नव्हती ते कळतं. आपला चहा टपरीवरचा. कटिंगचा ग्लास जागेवर संपवून परत द्यायचा, ग्लास घेऊन कोण गाडी चालवणार? मुंबईची प्रीमियर पद्मिनी घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. कितीतरी टॅक्सीवाल्यांचं आयुष्य त्या गाडीत गेलं, पण बाटलीला जागा नाही. दाराच्या आतून तारेची कडी वळवून बाटली अडकवलेली मी स्वतः पाहिलीय. म्हणजे ज्याला दिवसभर गाडीत बसायचं होतं, त्याला ही गरज आपल्या आधी कळली होती.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. १९९२ साली एका ७९ वर्षांच्या आजीबाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्डची कॉफी सांडली आणि त्या भयंकर भाजल्या. ती केस जगभर गाजली. कॉफी सांडली म्हणून लाखो डॉलर, असे विनोदही झाले. पण एक बारीक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नातवाची गाडी उभी होती आणि तिच्यात कप होल्डर नव्हता. म्हणून आजींनी कप गुडघ्यांत धरून झाकण उघडलं. कॉफी किती गरम होती हा कोर्टाचा प्रश्न झाला, पण कप ठेवायला जागा नव्हती हेही तितकंच खरं.

आता कुणी म्हणेल, गाडी चालवताना पाणी पिऊच नका. बरोबर आहे. बाजूला थांबून प्या. पण प्या किंवा नका पिऊ, बाटली गाडीत असणारच. मुंबईच्या उकाड्यात ती लागतेच. मग ती राहणार कुठे? पायाशी ठेवली तर माझ्यासारखं होतं. मागच्या सीटवर टाकली तर ब्रेक मारला की किलोभर वजन पुढे येतं. शेजारच्या सीटवर ठेवली तर वळणावर पडते आणि आपण वाकून शोधतो. सी लिंकवर ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दोन सेकंद मान खाली घातली तर ४४ मीटर आंधळा प्रवास.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जुन्या गाडीतला कप होल्डर हा शृंगार नाही. आरसा आणि वायपर ज्या रांगेत आहेत, त्याच रांगेत तो बसतो.

आता लावायचा कसा, तेही सांगतो. कारण चुकीचा होल्डर नसलेल्या होल्डरपेक्षा वाईट. गेला आठवडाभर मी हेच करत होतो.

एसीच्या जाळीला अडकवायचे क्लिपवाले होल्डर सगळ्यात स्वस्त. पण दहा-पंधरा वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. लिटरची बाटली ठेवली की पाती मोडते. त्यात फार तर छोटा कप ठेवावा.

दुहेरी चिकटपट्टीवाले होल्डर मे महिन्यात बंद गाडीत सुटतात. पडले की पुन्हा पायाशीच.

स्क्रूने बसवायचा असेल तर वाट्टेल तिथे ड्रिल करू देऊ नका. मधल्या उंचवट्याखाली वायरी आणि हँडब्रेकची केबल असू शकते. आणि आपण वरळीत आहोत, सी फेसच्या खाऱ्या हवेत. पत्र्याला भोक पाडलं की दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू.

मला पटला तो सीट आणि मधल्या भागाच्या फटीत घट्ट बसणारा, भोक न पाडता लागणारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात असे प्रकार मिळतात. दुकानात जाताना आपली नेहमीची बाटली घेऊन जा. बाटली सैल राहिली तर फायदा नाही.

बसवल्यावर इंजिन बंद ठेवून, बाटली आत असताना, एक चाचणी करा. क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून बघा, रिव्हर्ससुद्धा. हँडब्रेक पूर्ण वर खाली करा. सीट पुढे मागे सरकवा. सीटबेल्टचं बक्कल लागतंय का बघा. कोपर किंवा लिव्हर कुठेही बाटलीला घासलं तर तो होल्डर तुमच्या गाडीसाठी नाही. गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर किंवा समोर काहीही लावू नका. आणि बिनझाकणाचा गरम चहा होल्डरमध्येही ठेवू नका, तो टपरीवरच बरा.

कायद्याची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं, ज्यांनी आरसीतल्या नोंदी आणि कंपनीची मूळ माहिती जुळेनाशी होईल. फटीत खोचलेला कप होल्डर त्यात येत नाही.

आता सार्वजनिक मुद्दा. माझ्या गाडीची पंधरा वर्षं झाली तेव्हा पुनर्नोंदणीसाठी तपासणी झाली. लाईट, हॉर्न, ब्रेक, सगळं बघितलं. ब्रेक उत्तमच होते. पण ब्रेकखाली काय येऊ शकतं, हा प्रश्न त्या यादीतच नाही. ड्रायव्हिंग शाळेतही मला हे कुणी शिकवलं नव्हतं. वाहतूक पोलिसांचं मुख्यालय इथे वरळीतच आहे. त्यांना माझी विनंती: हेल्मेट आणि सीटबेल्टसोबत एक ओळ याचीही सांगा. पायाशी बाटली नको. पीयूसी केंद्रावर एक कागद चिकटवायला काही खर्च येत नाही.

आणि दुसरी विनंती वरळीतल्या गाडीमालकांना. तुमचा ड्रायव्हर टॉवरखाली, ऑफिसखाली दिवसाचे दहा-बारा तास त्या गाडीत काढतो. मागच्या सीटला तुमच्यासाठी सगळी सोय असते. पुढे त्याची बाटली कुठे असते, एकदा वाकून बघा. गाडी जुनी असेल तर बहुतेक त्याच्या पायाशीच असेल. त्याच्या तहानेची सोय होईल आणि तुमच्याच जीवाची काळजीही घेतली जाईल.

काल आईला पुन्हा बसवलं गाडीत. तिने बाटली होल्डरमध्ये ठेवली, दोनदा हलवून बघितली आणि म्हणाली, "आता चल."

तुमच्या गाडीत बाटली कुठे असते? उद्या सकाळी चावी फिरवायच्या आधी एकदा खाली बघा.