खडू खाणाऱ्या बाई

पाच महिन्यांपूर्वी एका रात्री आमच्या भाचीचा फोन आला. आवाज इतका हळू, जणू एखादी चोरी कबूल करते आहे. “खाला, कुणाला सांगू नका हं. मला पाटीची पेन्सिल खावीशी वाटते.”

आम्ही इतके हसलो की शेजारी डोळा लागलेले आमचे मियाँ दचकून उठले. हसण्याचे कारण असे की या गुन्ह्यात आमचा नंबर आधीचा. आमचा थोरला आता बारावीला आहे. तो पोटात होता तेव्हा आम्ही सातवीच्या वर्गावर मराठी व्याकरण शिकवत होतो. फळ्यावर ‘कर्तरी प्रयोग’ असे लिहिले आणि मुलांकडे पाठ आहे असे पाहून खडूचा तुकडा तोंडात टाकला. मग मुलांना म्हणालो, “आता एकेक उदाहरण लिहा.” पहिल्या बाकावरच्या पोराने लिहिले, ‘बाई खडू खातात.’ कर्ता बरोबर, कर्म बरोबर, क्रियापदही बरोबर. पूर्ण गुण द्यावे लागले.

डॉक्टरीणबाईंना मात्र हसू आले नाही. त्यांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन 8 निघाले. गरोदरपणी ते 11 च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे धरतात. खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे डोहाळे म्हणून आपण हसण्यावारी नेतो, पण पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची ती खूण असते. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस मोफत मिळते. रक्त फार कमी असेल तर किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. आम्ही ती गोळी चहाच्या घोटाबरोबर घ्यायचो. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे! चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तासा-दोन तासांनी. भाचीला एवढे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला पाठवले.

पुढचे महिने सल्ल्यांत गेले. पोट टोकदार म्हणजे मुलगा, चेहरा उजळला म्हणजे मुलगी. गल्लीतल्या एकाच चाचींनी दोन्ही भाकिते केली, म्हणजे एक तरी खरे ठरणारच. मुलगा झाला. त्याच दुपारी फुफी मधाची बाटली घेऊन दवाखान्यात हजर! नर्सने ती दारातच अडवली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते. सहा महिने आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. पहिले पिवळसर चीक तर टाकायचेच नाही. फुफी म्हणाल्या, “आमची पोरं मधावरच वाढली.” नर्स म्हणाली, “मग ही बाटली बाळाच्या आईला द्या.” फुफी आणि नर्स, दोघीही खूश.

बीएडला आम्हांला बालमानसशास्त्राचा पेपर होता. पियाजे या विद्वानाने स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून बाळाच्या पहिल्या दोन वर्षांना संवेदन-कारक अवस्था म्हटले, हे आम्ही पाठ केले होते. रात्री तीन वाजता त्या अवस्थेतले बाळ छातीवर घेऊन बसल्यावर आईची कोणती अवस्था होते, ते मात्र आमच्या पुस्तकात नव्हते. तान्हे बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध मागते. चिल्ल्यात नमाज माफ असते, पण बाळ काही माफ करत नाही. एकदा तर आम्ही उशीलाच थोपटत बसलो होतो आणि बाळ शेजारी डोळे उघडे ठेवून बघत होते.

हे सारे किस्से घेऊन आम्ही गेल्या आठवड्यात आपांकडे गेलो. भाचीचा अठरावा दिवस होता. बैठकीत बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होते. नाक कुणाचे, रंग कुणाचा, यावर वाद चालला होता. आतल्या खोलीत भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. हरीऱ्यावर साय धरली होती. आम्ही उशीचा किस्सा सुरू केला. ती हसली नाही. म्हणाली, “खाला, सगळे मुबारक म्हणतात आणि मला नुसतं रडू येतं. बाळाला घ्यावंसंही वाटत नाही. मी वाईट आई आहे का?”

आमचे पुढचे किस्से घशातच राहिले. कारण उशीच्या किश्शाचा दुसरा भाग आम्ही आजवर कुणाला सांगितला नव्हता. त्याच पहाटे मोरीत नळ सोडून आम्ही पोटभर रडलो होतो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिला ते सांगितले. तिने प्रथमच आमच्याकडे वळून पाहिले.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढे टिकले, जेवण तुटले, झोपायला वेळ मिळूनही झोप येईना, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपा म्हणाल्या, “नजर लागली असेल, दम करून घेऊ.” आम्ही म्हणालो, “आपा, दुआ करूच. पण उद्या डॉक्टरांकडेही जाऊ.” गेलो. उपचार सुरू झाले. जावई आता रात्री दोन वेळा उठतात, दूध पाजून झाले की ढेकर काढायचे काम त्यांचे. भाची सलग चार तास झोपते. अजून पूर्ण बरी नाही, पण परवा हरीरा गरम असताना प्यायली.

बहिणींनो, तुमच्या घरीही कुणी अशी गप्प झाली असेल तर थांबू नका. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते. तिच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटी सोडू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि बाळ बघायला जाल तेव्हा झबले-टोपडे मागाहून द्या, आधी आतल्या खोलीत जा. “बाळ कसं आहे?” याच्या आधी “तू जेवलीस का?” असे विचारा.