निनवे : क्षमा आणि सूड यांची सोयीस्कर वाटणी

बायबलच्या साहित्यिक अभ्यासात निनवे या अ‍ॅसिरियन राजधानीविषयी एक वाटणी दीर्घकाळ सुखाने नांदते आहे. ‘योना’ हा उदार, वैश्विक ग्रंथ. ‘नहूम’ हा संकुचित आणि सूडाने आंधळा. पहिल्यात निनवे पश्चात्ताप करून वाचते, दुसऱ्यात तिचा विध्वंस होतो आणि संदेष्टा हर्षभरित होतो. ही वाटणी संहितेत टिकत नाही, आणि तिची वंशावळही निष्पाप नाही.

वंशावळ प्रथम पाहू. एकोणिसाव्या शतकातील जर्मन प्रॉटेस्टंट बायबलसमीक्षेत यहुदी धर्म म्हणजे नियमबद्ध, आत्मकेंद्री आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपेचा, असा विचारव्यूह बळावला होता. त्या व्यूहात योनाला ख्रिस्तपूर्व ख्रिस्ती बनवणे सोपे गेले. नहूम मात्र ‘यहुदी’च राहिला. आज हेच द्वंद्व धर्मशास्त्राची वस्त्रे उतरवून ‘वैश्विकता विरुद्ध संकुचितता’ या मानवतावादी पोशाखात वावरते, आणि ते कोठून आले हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही.

आता संहिता. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात देवाचे जे गुणवर्णन आहे त्यात दया आणि दोषीला मोकळे न सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच दमात येतात. योना त्याचा पूर्वार्ध देवाच्या तोंडावर तक्रार म्हणून फेकतो. नहूम मंदक्रोधाची कबुली देऊन लगेच उत्तरार्धाकडे वळतो. दोघेही एकाच वचनाचे भाष्यकार आहेत. दोन्ही ग्रंथ प्रश्नावर संपतात, हाही निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. एकात देव विचारतो, इतक्या माणसांची आणि गुराढोरांची कीव मी करू नये काय? दुसऱ्यात विचारले जाते, ज्याने तुझे क्रौर्य सोसले नाही असा कोण उरला? हे एकाच नगरीविषयीचे दोन अनुत्तरित प्रश्न आहेत. एकाने दुसऱ्याचे खंडन होत नाही.

प्राचीन वाचकांना हे कळत होते. तोबितच्या ग्रंथात मरणोन्मुख पिता मुलाला निनवे सोडण्यास सांगतो. येथे सिनाइटिकस हस्तलिखित नहूमच्या भाकिताचा हवाला देते, तर व्हॅटिकानसमध्ये त्याच जागी योना आहे. म्हणजे एका परंपरेला विनाशाचा साक्षीदार म्हणून योनाही चालला! जोसेफस तर योनाची कथा सांगताना नगरीचा पश्चात्ताप गाळूनच टाकतो.

या वाचकांजवळ काय होते, जे आमच्या उदारमतवाद्यांजवळ नाही? इ. स. पू. 612ची आठवण. बॅबिलोनियन आणि मीड सैन्यांनी निनवे उद्ध्वस्त केली, हे ‘योना’चा कर्ताही जाणून होता, बहुतेक अभ्यासक तो ग्रंथ निर्वासनोत्तर काळातील मानतात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात योना दुसऱ्या यराबामाच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील. तेव्हा राजधानी कालहू होती. निनवेला ते स्थान सन्हेरीबने सुमारे इ. स. पू. 700मध्ये दिले. तटाचा घेर सुमारे 12 किलोमीटर, कथेत मात्र तीन दिवसांची वाट. उत्खननांतून कथेची ‘सत्यता’ शोधणारे आणि निनवे म्हणजे केवळ मुक्त चिन्हक असे म्हणणारे, दोघेही येथे चुकतात. क्षमा मिळालेली ही नगरी वाचकाच्या स्मृतीत आधीच राख झालेली आहे. त्या क्षमेची सारी अस्वस्थता यातच आहे.

नहूमच्या हर्षाचेही तसेच. इ. स. पू. 663मधील थेबिसचा पाडाव त्याला ठाऊक आहे. इ. स. पू. 701मधील लाखीशचा वेढा सन्हेरीबने आपल्याच राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतला : सोलून काढले जाणारे कैदी, बैलगाड्यांवर बोचकी लादून निघालेली कुटुंबे. ही शिल्पे आज ब्रिटिश संग्रहालयात आहेत. ज्याचा पराभव विजेत्याच्या दिवाणखान्याची सजावट झाला, त्याने संयत स्वर लावावा ही अपेक्षा कोण करते? जेत्यांच्याच वारशात शिकलेली समीक्षा. (पीडितांच्या प्रक्षोभाला ‘प्रचारकी’ म्हणण्याची सवय मराठी समीक्षेलाही नवी नाही.) अर्थात नगरीला विवस्त्र केलेल्या स्त्रीच्या प्रतिमेत उभे करणाऱ्या ओळींवर स्त्रीवादी समीक्षकांनी घेतलेला आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे. पीडिताचा संताप स्त्रीदेहावर उतरतो तेव्हा संदर्भाची ढाल पुरत नाही. पण हा आक्षेप संहितेच्या भाषेवरचा आहे. ‘यहुदी संकुचितते’वरचा नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

मोसुलजवळच्या निनवेच्या अवशेषांतील एका टेकाडाला योनाचेच नाव आहे, नबी युनूस. तेथील मशीद जुलै 2014मध्ये इस्लामिक स्टेटने उडवून दिली. त्याच मैदानाच्या उत्तर टोकाला अल्कोश या ख्रिस्ती गावी नहूमची परंपरागत समाधी आहे. 1950च्या सुमारास यहुदी इराक सोडून गेल्यावर तिची किल्ली एका ख्रिस्ती कुटुंबाने सांभाळली.