मण्याच्या आत डोकावा

अतिनील दिव्याखाली लाल-हिरव्या झगमगत्या बाटल्यांचे छायाचित्र प्रबंधात आले की परीक्षक खूश होतात. इंदूरच्या खजरान्यात राहून मी एम.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. त्या झगमगाटाला गुण देणे थांबवा, असे माझे ठाम म्हणणे आहे.

या बाटल्यांतला रंग कणाच्या आकारावर ठरतो: कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळा चमकतो, ६ चा लाल. असे नेमक्या आकाराचे क्वांटम डॉट बनवण्याची रीत मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये दिली. २०२३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. अवघड काम त्यापुढचे: हे कण पॉलिस्टायरीनच्या मण्यात सारखे पसरवणे. २००१ मध्ये शुमिंग नी यांच्या गटाने विद्रावकात मणी फुगवून कण आत शिरवले. प्रत्येक तपासणीला वेगळा मणी द्यायचा आणि रंगांच्या प्रमाणावरून तो ओळखायचा, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक तपासण्या उरकतात. सहा रंग, तीव्रतेच्या दहा पातळ्या धरल्या तर कागदावर सुमारे १० लाख खुणा होतात. व्यवहारातला अंदाज मात्र त्यांनीच १० ते ४० हजारांचा दिला.

मणी पुरेसा फुगला नाही तर कण कडेलाच अडकतात. कण आधी मोनोमरमध्ये मिसळून मणी घडवला, तर वाढत्या साखळ्या त्यांना बाजूला ढकलतात. गुठळी झाली की लहान कणाची ऊर्जा शेजारच्या मोठ्या कणाकडे जाते. हिरवा मंदावतो, लाल चढतो आणि एका तपासणीचे उत्तर दुसरीच्या नावावर लागते. तिळाच्या लाडवांत गूळ सारखा मिसळला नाही तर एक लाडू दगड होतो, दुसरा भुगा. इथे रुग्णाचे निदान चुकू शकते.

माझ्या एका विद्यार्थिनीचे पाच मायक्रॉनचे मणी टॉर्चखाली देखणे दिसत. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली नुसती उजळ कडी, गाभा काळा. तिने कणांवरचे तेलकट आवरण बदलून पॉलिमरशी जोडले जाणारे रेणू लावले, तेव्हा कुठे आत उजेड पोहोचला. मौखिक परीक्षेत त्यावर एकही प्रश्न आला नाही. याचा मला अजून राग आहे.

आमच्याच इंदूरमध्ये, राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर लहान कोनांत विखुरणारे क्ष-किरण मोजण्याची सोय आहे. गुठळ्या त्यातून कळतात. मण्यामण्यांतला फरक मात्र एकेक मणी मोजणारा फ्लो सायटोमीटर दाखवतो. ही दोन्ही मोजमापे प्रबंधात सक्तीची करा, फसलेल्या घाण्यांचीसुद्धा. आणि त्यासाठी मुलांना एक अख्खे सत्र द्या.