कब म्हणजे कुणाचं पिल्लू?

गेल्या हिवाळ्यात सुप्याच्या माळावर स्काऊटिंगमधल्या धाकट्या मुलांच्या एका कब पथकाबरोबर होतो. मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेने पोरे रांगेत चालली होती. दोन चिंकारा दिसून झाल्या होत्या आणि खाऊचे डबेही रिकामे झाले होते. दुसरीतला एक मुलगा कबमास्तरांना म्हणाला, "सर, गायीचं वासरू, मेंढीचं कोकरू. मग कब कुणाचं?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वाघाचं." पोरे खूश झाली. मी तेव्हा गप्प बसलो, आणि म्हणूनच आज लिहितो आहे.

दोष त्या सरांचा नाही. आपण सगळेच हा शब्द गणवेशासारखा वापरतो. नोंदणी अर्जात "कब" लिहितो, टोपीवर बिल्ला लावतो आणि मोकळे होतो. हिंदी विषय सुरू झालेली पोरे तर "कब? अभी!" म्हणून खिदळतात. शब्द रिकामा राहिला की त्यात असे काहीबाही भरले जाते.

कब हे लांडग्याचे पिल्लू. इंग्रजीत वाघ-सिंह-अस्वलांच्या पिल्लांनाही तोच शब्द आहे, पण आपल्या चळवळीतला कब लांडग्याचाच. स्काऊटिंग 1907 मध्ये सुरू झाले तेव्हा ते मोठ्या मुलांसाठी होते. धाकटे भाऊ कुंपणाबाहेर उभे राहून हट्ट करू लागले. स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी त्यांच्यासाठी वेगळी शाखा उभी केली आणि 1916 मध्ये तिचे पुस्तक काढले. शाखेचे नाव होते 'वुल्फ कब'. चौकट घेतली किपलिंगच्या 'जंगल बुक'मधून, त्याच्या संमतीने. 1894 चे ते पुस्तक किपलिंगने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून लिहिले, पण त्यातले लांडगे आपल्या शेजारच्या सिवनीच्या डोंगरातले. नागपूरहून जबलपूरला जाताना वाटेत लागते तेच हे सिवनी. कळपाचा म्होरक्या अकेला, हे नावही इथल्याच भाषेतले. पुढे इंग्लंडने 1967 मध्ये नावातला 'वुल्फ' गाळून 'कब स्काऊट' केले. आपणही नुसते 'कब'च म्हणतो. लांडगा गेला, पिल्लू उरले.

मराठीत तर त्याची आणखी पंचाईत. शाळेत पाठ केलेली यादी आठवून पाहा : वासरू, रेडकू, शिंगरू, करडू, कोकरू, पाडस, छावा. त्या यादीत लांडग्याच्या पिल्लाला जागाच नाही. ते नुसते पिल्लू. मेंढरे राखणाऱ्या मुलखाने कोकराला नाव दिले आणि कोकरू उचलून नेणाऱ्याच्या पोराला दिले नाही, यात नवल काय? भाषेने लांडग्याला दिले ते 'लांडगेतोड', 'लचके तोडणे' आणि 'लांडगा आला रे आला'. त्यामुळे पालकसभेत "तुमचा मुलगा आता लांडग्याचं पिल्लू झाला" असे सांगायला कबमास्तर कचरतात. वाघ सोयीचा पडतो.

मग कोणी सुचवते, कबला मराठीत 'छावा' म्हणा. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीच्या या मुलखात हा शब्द चटकन काळजाला भिडतो, हे मान्य. तरीही मला तो इथे पटत नाही. छावा म्हटले की वारस, पराक्रम, एकट्याची झेप डोळ्यांसमोर येते. सहा-सात वर्षांच्या मुलावर ते ओझे कशाला? लांडग्याचे पिल्लू वेगळ्या घरात वाढते. जन्मताना ते आंधळे असते, डोळे उघडायला दहा-पंधरा दिवस लागतात. शिकारीहून परतलेले मोठे लांडगे पोटातले मांस ओकून पिल्लांना भरवतात. त्यात आई-बाप असतात, तसे आदल्या वर्षीचे थोरले भाऊ-बहीणही असतात. शाखेची बांधणी नेमकी यावर आहे. सहा जणांचे षटक, त्यातल्याच थोड्या मोठ्या मुलाकडे षटकनायकपद, आणि ब्रीद काय, तर आपल्याकडून होईल तितका प्रयत्न कर. पूर्वी कबला पहिला तारा मिळाला की पिल्लाचा एक डोळा उघडला असे समजत, दुसरा मिळाला की दोन्ही. दोन बोटांचा त्या काळचा सलाम म्हणजे लांडग्याचे ताठ कान. प्रत्येक खुणेमागे जनावर होते.

आपल्याकडे ते जनावर पुरते गेलेले नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या अभ्यासक्रमात कबला प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय, चतुर्थ चरण आहेत. बुलबुलला, म्हणजे छोट्या मुलींच्या शाखेला, कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख. पंख म्हटल्यावर मुलींना पाखरू दिसते. 'चरण' मात्र आपण टप्पा म्हणून वाचतो, नाहीतर कवितेची ओळ म्हणून. अहो, चरण म्हणजे पाय! मातीत उमटलेला पंजा दाखवून हा शब्द एकदा समजावून पाहा.

बुलबुलचे नशीब मुळातच बरे. इंग्रजी अमदानीत आपल्या छोट्या मुली 'ब्लू बर्ड' होत्या. स्वातंत्र्यानंतर त्या बुलबुल झाल्या, आणि बुलबुल शाळेच्या आवारातल्या बाभळीवरही सापडतो. नाव देशी केले म्हणजे नुसते भाषांतर करायचे नसते, हे त्या काळच्या मंडळींना कळले होते.

'पथक' या शब्दाबद्दलही माझी कुरकुर आहे. कबचे पथक, बुलबुलचे पथक, स्काऊटचेही पथकच. कॉपी पकडणारे तेवढे भरारी पथक. इंग्रजीत या तिन्हींना तीन शब्द आहेत. बुलबुलांचा 'थवा' म्हणायला कुणाची हरकत आहे? कबसाठी 'टोळी' म्हटले तर लुटारू आठवतात, म्हणून 'कळप' बरा. कागदोपत्री पथक राहू द्या, मैदानावर कळप आणि थवा म्हणा.

आणि कब हा शब्द? तो राहू द्या. रुळला आहे, आटोपशीर आहे. फक्त त्याची गोष्ट पहिल्याच सभेत सांगा. बारामती-इंदापूरकडच्या कबमास्तरांना तर पुस्तकाचीही गरज नाही. सुप्यापासून इंदापुरातल्या कडबनवाडीपर्यंतच्या गवताळ माळांवर लांडगे आजही आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. एखाद्या मेंढपाळ आजोबांना सभेला बोलवा. मेंढरू गेल्याची चीड ते बोलून दाखवतील, तीही मुलांना ऐकू द्या. लांडगा गोड करून सांगायचे कारण नाही.

येत्या हिवाळ्यात कळप घेऊन माळावर जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, वाट सोडू नका, आणि परतल्यावर मुलांनी काय काय विचारले ते आम्हाला लिहून पाठवा. धुळीतल्या पंजाच्या ठशापर्यंत न्या, बिळापर्यंत मात्र नको. माणसाची चाहूल लागली की मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते.